पडणाऱ्यांचा निधी

विमा कंपनीला दर वर्षी पैसे भरायचे आणि प्रसंग आला की कंपनीनं कानांवर हात ठेवायचे, ही रीत नगरपालिकेत इतकी मुरली होती की त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटेनासं झालं होतं. मोटारीवर झाड पडलं तर कंपनी म्हणायची, विमा वादळाचा होता, त्या दिवशी नुसता वारा होता. पाण्याच्या टाकीची भिंत ढासळली तर म्हणायची, आत पडली असती तर दिले असते, ही बाहेर पडली. दिव्याच्या खांबावरून वायरमन खाली आला आणि कंबर मोडून घरी बसला, तेव्हा कंपनीनं कळवलं की शिडीवर चढणं हा त्यानं स्वखुशीनं पत्करलेला धोका आहे.

"मग खांबावर माणसानं काय उडत जायचं?" असा प्रश्न हिशेब खात्यातल्या एका कारकुनानं भर कचेरीत विचारला, आणि तिथून त्याचे ग्रह फिरले.

या कारकुनाला सगळे जपूनराव म्हणत. कोणी जिना उतरायला लागलं, पंख्याचं बटण दाबलं, गरम चहाला तोंड लावलं की याच्या तोंडून "जपून" निघालंच. बायको म्हणायची, हा माणूस आनंदाची बातमीसुद्धा "जपून, एक सांगतो" अशी सुरुवात करून सांगतो, त्यामुळे आनंदाच्या आधी पोटात गोळा येतो. स्वभाव भित्रा म्हणाल तर नाही. ज्याला सगळीकडे धोका दिसतो तो भित्राच असतो असं नाही. कधीकधी एकट्या त्यालाच चष्म्याचा नंबर बरोबर लागलेला असतो.

जपूनरावांचं म्हणणं सरळ होतं. कंपनीला द्यायचे तेच पैसे नगरपालिकेनं स्वतःच्या तिजोरीत वेगळे काढून ठेवावेत. आपल्या खड्ड्यात कोणी पडलं तर आपणच त्याला भरपाई द्यावी. कोणी नाही पडलं तर पैसे घरातच राहिले. आपला विमा आपणच उतरवायचा. यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून सभेत कोणी ते समजून घ्यायच्या फंदात पडलं नाही. ठराव जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर आला. भुकेल्या सभेइतकं उदार जगात दुसरं काही नाही. सगळ्यांचे हात वर गेले, अध्यक्षांनी सही केली आणि खुर्च्या मागे सरकल्या.

आपण कशावर सही केली हे अध्यक्षांना घरी, पानावर बसल्यावर, बायकोकडून कळलं. कारण विमा कंपनीचा एजंट म्हणजे बाईंचा सख्खा भाऊ. नातं एकट्या अध्यक्षांचं असलं तरी सगळं गाव त्याला मेहुणेच म्हणायचं. त्या जेवणात अध्यक्षांनी पुन्हा काही वाढून घेतलं नाही म्हणतात.

दुसऱ्या दिवशी जपूनरावांना बोलावणं आलं.

"तुमचा निधी उत्तम आहे," अध्यक्ष म्हणाले. मोठी माणसं गळा दाबण्याआधी पाठ थोपटतात. "पण पहिलं वर्ष प्रयोगाचं. या वर्षात एक जरी भरपाई मंजूर करावी लागली, तर निधी बंद, कंपनी परत. आणि तुमची बदली कोंडवाड्यावर."

"गुरांच्या?"

"गुरांच्याच. माणसांचा आपण अजून काढलेला नाही."

"म्हणजे साहेब, पडणाऱ्यांसाठी निधी. आणि कोणी पडलं की निधी बंद."

"अगदी बरोबर समजलात. हुशार आहात, म्हणून तर तुम्हाला जोखीम अधिकारी केलंय. पगार तोच."

दुसरा कोणी असता तर तिथंच हात टेकले असते. जपूनराव घरी आले, हातपाय धुतले आणि बायकोला म्हणाले, "वर्षभर मी या गावात एकाला पडू देणार नाही."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. "आधी ते मोरीतलं सांडलेलं पुसा, आई येतेय."

मोहीम सुरू झाली. जपूनराव उघडी गटारं, लोंबत्या तारा, हलते कठडे बघत गावभर हिंडले. आणि सगळ्यात मोठा धोका सापडला तो कुठे, तर खुद्द नगरपालिकेच्या दारात. इमारतीत शिरायला ज्या दगडी पायऱ्या होत्या, त्यातली तिसरी डुगडुगत होती. पाय डावीकडे पडला तर काही नाही, उजवीकडे पडला तर दगड असा कलायचा की माणूस आत जायच्या ऐवजी थेट जमिनीला भेटायचा. कचेरीतल्या लोकांचे पाय वर्षानुवर्षं ती पायरी आपोआप ओलांडत होते. तिथला माणूस ओळखायची खूणच ती. रस्त्यावरसुद्धा ही मंडळी दोन पायऱ्या नीट चढून तिसरीला ढांग टाकायची. प्रश्न होता नव्या माणसाचा. आणि नगरपालिकेत तक्रार घेऊन येणारा माणूस नवाच असतो, कारण एकदा आलेला सहसा पुन्हा येत नाही.

आता वाचणारा म्हणेल, निधी आहे ना, मग त्यातून बसवा की तो दगड. जपूनरावही तेच म्हणाले. पण ठराव करताना कोणीतरी शहाण्यानं त्यात एक ओळ घुसडली होती. निधीतला पैसा फक्त अपघात झाल्यानंतर खर्च करता येईल. माणूस मोडला तर पैसे आहेत, दगड बसवायला नाहीत. असे नियम करणाऱ्यांना मी तरी आयुष्यात एकदा त्या पायरीवरून उजव्या पायानं चालवीन.

जपूनराव बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडे गेले. अभियंता खुर्चीत मागे रेलून दात कोरत होता.

"इमारत माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "समोरचा रस्ताही माझ्याकडे आहे. पायरी मधे येते."

"मग ती कोणाकडे?"

"तोच तर मुद्दा आहे. पण घाबरू नका. एक तरी माणूस पडू दे. अपघाताचा अहवाल आला की तातडीचं काम म्हणून त्याच दिवशी करून देतो. माझा शब्द."

"पण कोणी पडू नये म्हणूनच करायचंय ना?"

"अहो, कोणी पडलंच नाही तर पायरी खराब आहे कशावरून?"

या माणसाला पगार मिळत होता. वर निवृत्तिवेतनही मिळणार होतं.

संध्याकाळी जपूनरावांच्या दारात सल्लागार मंडळ भरलं. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "लाल रंग मारा. लाल बघितलं की माणूस थबकतो." वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "रंगानं काय होतं? पाटी लावा. समाज लेखी गोष्टीला मानतो." सासूबाई आतून म्हणाल्या, "दगडाखाली एक खापरी सरकवा, हलायचा बंद होईल." स्वस्तातला सल्ला कोण ऐकतो? शिवाय नगरपालिकेच्या मालमत्तेत विनापरवाना खापरी सरकवणं नियमात बसत नव्हतं. जपूनराव स्वतः नियमात बसत होते, तीच तर त्यांची पंचाईत होती.

रविवारी स्वतःच्या पदरचा रंग आणून त्यांनी पायरी लाल केली. सोमवारी सकाळी ती अजून ओली होती. पहिल्या तासाभरात सगळ्या इमारतीत लाल पावलं उमटली. जन्ममृत्यूच्या खिडकीपाशी तर इतकी, की एक म्हातारे गृहस्थ रांगेतून मुकाट्यानं माघारी गेले. एका बाईंची नवी साडी काठापासून गेली. त्या तडक जपूनरावांकडे आल्या.

"ऐकलंय की तुमच्याकडे भरपाईचा निधी आहे."

जपूनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. एक मंजूर भरपाई, की कोंडवाडा. त्यांनी साडी स्वतःच्या खिशातून घेऊन दिली. बायकोला हे कळलं ते शिंप्याकडून. "लग्नाला इतकी वर्षं झाली," ती म्हणाली, "मला कधी न मागता साडी आणलीत का? त्या बाईला नुसता काठ दाखवल्यावर मिळाली." पुढे घरात दोन दिवस जेवण वेळेवर मिळालं, पण वाढताना भांडी वाजत होती.

मग पाटी आली. दोन पायांवर उभी राहणारी, ठळक अक्षरांची: पायरी हलते. पाय जपून ठेवा. हेडमास्तर स्वतः शुद्धलेखन तपासायला आले. पाटीकडे मान वर करून बघत बघत चढले आणि सरळ पाटीवर आदळले. कपाळाला टेंगूळ घेऊन ते म्हणाले, "शुद्ध आहे." सज्जन माणूस. भरपाई मागितली नाही. फक्त पुढे जपूनरावांशी बोलणं टाकलं, आणि जपूनरावांच्या मते तो निधीला झालेला फायदाच होता.

तिसऱ्या दिवशी पाटी गायब. चौकशी करता कळलं, अतिक्रमण खात्यानं उचलली. रहदारीच्या जागेत विनापरवाना ठेवलेली वस्तू. नगरपालिकेनं नगरपालिकेच्या दारातून नगरपालिकेची पाटी जप्त केली होती, आणि ती सोडवायला दंड भरायचा होता नगरपालिकेलाच. तो कोणी भरायचा, यावर दोन खात्यांची पत्रं सुरू झाली. ती पत्रं अजून चालू आहेत असं ऐकतो.

तेव्हा जपूनरावांनी शेवटचा उपाय केला. आपली खुर्ची उचलली, एक लहान टेबल घेतलं आणि थेट पायरीशेजारी उघड्यावर जाऊन बसले. कामाचे कागद मांडीवर, डोळा पायरीवर. कोणी चढायला लागलं की उठायचं, हात धरायचा, "जपून, डावीकडून" म्हणायचं आणि आत सोडायचं.

माणसाची इज्जत कशी पातळ होत जाते ते बघायचं असेल तर त्याला दारात बसवावं. पहिल्या दिवशी लोक विचारत, साहेब आत आहेत का. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे छत्र्या ठेवायला द्यायला लागले. तिसऱ्या दिवशी एका आजीबाईंनी चढवून दिल्याबद्दल हातावर नाणं ठेवलं आणि म्हणाल्या, "पोटाला काहीतरी खा रे बाबा." नेमक्या त्याच वेळी समोरून बायको भाजी घेऊन चालली होती. तिनं रस्ता बदलला.

"जोखीम अधिकारी म्हणे," ती घरी म्हणाली. "दारवान तरी म्हणा. दारवानाला कपडे मिळतात."

"मला हसतील तर हसू दे," जपूनराव म्हणाले. "पडला का कोणी? नाही ना?"

पडायची इच्छा असणारे मात्र रोज वाढत होते. पडणाऱ्याला नगरपालिका पैसे देते, ही बातमी तोवर गावभर झाली होती. एक जण शाळेत असताना पडलेला दात दाखवायला आला. एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. हे घसरले म्हणाल्या. कुठे विचारलं तर म्हणाल्या, घरीच, पण नळ तुमचाच होता. आणि मेहुणे तर माणसंच आणू लागले. या वर्षात एक भरपाई व्हायला हवी होती त्यांना, कंपनी परत यायला हवी होती. दुपारच्या वेळेला कोणाला तरी सोबत आणायचं, पायरीपाशी उभं करायचं आणि स्वतः पानाच्या टपरीशी जाऊन बघत राहायचं. एक लठ्ठ गृहस्थ पायरीकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

"या काका, धरा हात," जपूनराव म्हणाले.

"तसं नाही हो," गृहस्थ अवघडून म्हणाले. "मला पडायला सांगितलंय. पण कंबर आधीच धरलीय. बसून पडलं तर चालेल का?"

"चालणार नाही. चहा घेणार?"

त्यांनी चहा घेतला आणि पायरीला पाय न लावता निघून गेले.

असे महिने गेले. पावसात जपूनरावांच्या डोक्यावर छत्री होती, उन्हात रुमाल होता. चेहरा रापला, केसांना धूळ बसली. पण वर्ष सरत आलं तरी निधीतून एक पैसा गेला नव्हता, आणि त्यांच्या चालण्यात नवाच ताठा आला होता. कचेरीतले लोकसुद्धा आता येताजाता "काय, कोणी नाही ना पडलं" असं विचारत. त्यात चेष्टा निम्मी असेल. उरलेल्या निम्म्यावर माणूस जगतो.

आणि मग मेहुणे पडले.

ठरवून नव्हे. ते अध्यक्षांना भेटून बाहेर येत होते. एका हातात कागदांची पिशवी, दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन. पलीकडे कंपनीतलं कोणीतरी असणार, कारण ते हसत सांगत होते, "आलंच समजा काम, या म्हाताऱ्याला वर्षअखेर कोंडवाड्यात बांधतो." पाय तिसऱ्या पायरीच्या हलत्या बाजूला चालला होता. जपूनराव अर्धे उठले आणि ओरडले, "जपून!" मेहुण्यांना वाटलं, हा आपल्याला टोमणा मारतोय. उत्तर द्यायला ते वळले. दगड कलला. कागद हवेत गेले, फोन गटारात गेला आणि मेहुणे जमिनीवर असे बसले की उजवा पाय जिकडे असायला हवा तिकडे नव्हता.

बांधकाम खात्यानं दिलेला शब्द पाळला. रुग्णवाहिका गेटाबाहेर पडते न पडते तोच दोन गवंडी आले आणि चहाच्या आत दगड पक्का करून गेले. इतकं सोपं काम होतं ते. जपूनराव खुर्चीत बसून बघत होते. गवंडी थापी धूत असताना त्यांना पहिल्यांदा खरा राग आला. तो मेहुण्यांचा नव्हता, अभियंत्याचाही नव्हता. एक थापीभर सिमेंटसाठी आपण वर्षभर माणसांचे हात धरत बसलो, याचा तो राग होता.

चौथ्या दिवशी मेहुण्यांचा अर्ज आला. निर्णय घ्यायचा होता जोखीम अधिकाऱ्यानं, आणि प्रत्यक्ष बघणारा साक्षीदारही तोच.

अभियंता मुद्दाम टेबलाशी आला. "सोपं आहे. तुम्ही ओरडलात ना? लोकांनी ऐकलंय. लिहा, सूचना देऊनही दुर्लक्ष केलं. अर्ज नामंजूर. निधी वाचला, तुम्ही वाचलात."

शिंपी म्हणाला, "ज्यानं माणसं पाडायला आणली, त्याला पैसे? देव तरी वरून बघत असेल की नाही?"

हेडमास्तरांनी टेंगळानंतरचा अबोला सोडला तो याच प्रश्नावर. "फोनवर बोलत चालणं हा निष्काळजीपणा. दोन ओळीत बसतं. शुद्धलेखन मी बघतो."

कोंडवाडा गावाच्या कुठल्या टोकाला आहे आणि तिथून यायला किती उशीर होईल, एवढंच बायकोनं शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं.

अर्ज नामंजूर करायचा मजकूर जपूनरावांनी मनात तयार केला. सूचना देऊनही. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. स्वखुशीनं पत्करलेला धोका. शब्द इतके सहज येत होते की त्यांनाच दचकायला झालं. हे आपण कुठे वाचलंय ते त्यांना चांगलं आठवत होतं. ताट समोर होतं, घास हातात तसाच राहिला होता.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तो माणूस पडला की नाही?"

"पडला."

"तुमच्या दगडावरून?"

"आमच्याच."

"मग जेवण कशाला गार करताय?"

"पण आई, मी ओरडलो होतो. सावध केलं होतं."

"ओरडल्यानं दगड बसतो होय? मग तो गवंडी कशाला बोलावला?"

जपूनराव जेवले. सकाळी कचेरीत गेले आणि भरपाई मंजूर केली. तीही सढळ हातानं नाही, आखडत्या हातानंही नाही, नियमानं. दवाखान्याचा सगळा खर्च ताबडतोब. आणि माणूस स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत बुडालेल्या कमाईबद्दल दरमहा हप्ता. हा नियम त्यांनीच केला होता, वायरमनची मोडलेली कंबर डोळ्यापुढे ठेवून. त्याचा पहिला लाभ मेहुण्यांना मिळणार होता. नियमाला नातं दिसत नाही, हे त्याचं मोठेपण. कधीकधी ते गिळायला जड जातं.

अध्यक्षांनी पेढा वाटावा तसा चेहरा केला. "झाली ना एक भरपाई? मग आणा तो निधी बंद करायचा हुकूम."

"आणलाय साहेब," जपूनराव म्हणाले. हुकूम त्यांनी स्वतःच टाईप करून आणला होता. "सही इथे करा. फक्त एक सांगतो. निधी बंद झाला की शिल्लक मोठ्या तिजोरीत जाते. मेहुण्यांचे पुढचे हप्ते मग त्यांना तिजोरीकडून मागावे लागतील. ठेकेदारांच्या रांगेत."

ठेकेदारांच्या रांगेत बिलं म्हातारी होतात हे अध्यक्षांना माहीत होतं. ती रांग त्यांनीच वाढवली होती.

"कंपनी देईल की."

"कंपनी आधी पडलेल्याला देत नाही. आणि मेहुण्यांनी स्वतःचा विमा तिच्याकडेच उतरवला होता, तो अर्जही तिनं परत पाठवलाय. पडताना फोनवर कंपनीचंच काम चाललं होतं, म्हणजे तो धोका त्यांनी स्वखुशीनं पत्करलेला, असं कळवलंय."

अध्यक्षांचं पेन थांबलं. हे त्यांना घरून कळलं होतंच. मेहुणे दवाखान्यातून थेट बहिणीकडे आले होते आणि दिवाणखान्यातल्या कोचावर प्लास्टरचा पाय पसरून बसले होते. जे वाक्य आपण आयुष्यभर दुसऱ्यांना वाचून दाखवलं ते पहिल्यांदाच आपल्या नावानं आल्यामुळे त्यांना अन्यायाची अचानक जाणीव झाली होती. घरात ते दिवसभर कंपनीला शिव्या देत आणि मधूनमधून गरम पाणी मागत.

फोन वाजला. पलीकडून अध्यक्षीणबाई बोलत होत्या आणि त्यांचा आवाज टेबलाच्या या बाजूलाही स्वच्छ येत होता. "सही केलीत का? केली असलीत तर दादाचा खर्च तुमच्या खिशातून. आणि तो इथंच राहील. बरा झाला तरी."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. "निधी राहू दे," ते म्हणाले. "तूर्त."

"तूर्त नको साहेब." जपूनराव उभेच होते, आणि बसायचा विचार दिसत नव्हता. "कायमचा ठराव आणा. एक भरपाई झाली की निधी बंद, ही अट काढा. अपघातानंतरच खर्च करायचा, ती ओळ काढा. पडायच्या आधी दुरुस्ती करता आली पाहिजे. आणि वायरमनचा जुना अर्ज निधीत घ्या."

"तुम्ही मला अटी घालताय?"

"होय."

"तुम्ही कारकून आहात हो."

"जोखीम अधिकारी. पगार तोच." त्यांनी हुकुमाचा कागद पुन्हा पुढे सरकवला. "नाहीतर ही सही करा. मी कोंडवाड्यावर जातो. गुरं तरी पडली की सरळ आवाज करतात."

पुढच्या महिन्यांत जे घडलं त्यावर गाव अजून हसतं. निधी कायम व्हावा म्हणून सगळ्यात जास्त खपले ते मेहुणे. बहिणीच्या कोचावरून त्यांनी एकेका सभासदाला फोन केला. कंपन्या कशा लुबाडतात हे त्यांना इतकं बारकाईनं ठाऊक होतं की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. दरम्यान पायाचं प्लास्टर उतरलं, पण पाय काही टेकेना. डॉक्टर म्हणत, हाड जुळलंय. मेहुणे म्हणत, डॉक्टरांना काय कळतं, कळ मला येते. हप्ता दरमहा वेळेवर जात होता. जपूनराव स्वतः जाऊन पाय बघून यायचे. मेहुणे कण्हायचे, जपूनराव मान हलवायचे. नियमात लिहिलं होतं, उभा राहीपर्यंत. बसलेल्या माणसाला उभं करायचा नियम नव्हता.

ठरावाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मेहुण्यांना पीडित म्हणून चाकांच्या खुर्चीत बसवून पुढे आणलं होतं, गुडघ्यावर शाल, चेहऱ्यावर सोसलेलं दुःख. त्यांनी भाषण केलं. आपल्यासारख्या अपंगाला या निधीनं कसा आधार दिला ते सांगताना त्यांनी गुडघ्यावरची शाल सारखी केली. दोन सभासदांनी रुमाल काढले. अध्यक्षांनी खाली बघत ठराव वाचला, सगळ्या कलमांसकट, वायरमनच्या अर्जासकट. हात वर गेले. या वेळी सभा जेवणानंतरची होती, त्यामुळे काही हात झोपेत गेले असतील, पण मोजले गेले. ठराव मंजूर.

टाळ्यांचा आवाज झाला आणि छताचा एक पोपडा सुटला. चांगला ताटाएवढा. मेहुण्यांच्या खुर्चीच्या बरोबर डोक्यावरून.

तो खाली येईपर्यंत मेहुणे तिथं नव्हते. शाल खुर्चीत राहिली होती. ते दोन बाकं ओलांडून सभागृहाच्या दाराशी दोन्ही पायांवर उभे होते, आणि त्यातलं एक बाक त्यांनी उडी मारून ओलांडलेलं सगळ्या सभेनं बघितलं होतं. खुर्चीत धूळ उठली. मेहुण्यांनी हळूच एक गुडघा वाकवून बघितला, पण तो चुकीचा गुडघा होता.

जपूनराव आपल्या जागेवरून उठले. आधी वर छताकडे बघितलं, मग दाराकडे, मेहुण्यांच्या पायांकडे. मग अभियंत्याकडे वळून, दिवसाचं काम सांगावं तशा आवाजात म्हणाले,

"छताचं काम उद्या सकाळी सुरू करा. निधीतून. आणि पायाचा हप्ता आजपासून बंद."